चैनीचा रकाना

प्रत्येक घरात खर्च दोन प्रकारचे असतात. एक आपले, ते गरजेचे असतात. दुसरे, घरातले बाकीचे लोक करतात ते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही विभागणी सापडत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी किराणा बहुतेक दुसरंच कोणीतरी भरत असतं. आमच्याकडे अहोंची पानपट्टीवरची उधारी हा ‘जनसंपर्क’ असतो आणि माझ्या भिशीच्या दिवशीची पाणीपुरी ही ‘उधळपट्टी’. मुलाचा इंटरनेटचा सगळ्यांत वेगवान प्लॅन ही ‘करिअरमधली गुंतवणूक’. सासूबाईंची रोजची हारफुलांची पुडी तर थेट देवाच्या खात्यावर पडते. तिच्याबद्दल बोलायला नास्तिक असावं लागतं, आणि नास्तिकाला आमच्याकडे दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

अहो गेल्या वर्षी निवृत्त झाले. निवृत्त माणसाला पहिल्याच महिन्यात दोन शोध लागतात: दुपारी घराची बेल किती वेळा वाजते आणि महिन्याला घरात किती पैसे लागतात. हे दोन्ही लग्नापासून असंच चालू आहे, असं मी सांगून पाहिलं. पण पेन्शनचा पहिला आकडा पासबुकात उमटला आणि त्याच रविवारी अहोंनी जेवणाच्या टेबलावर फुलस्केप कागद पसरला, पट्टीनं उभ्या रेघा मारल्या आणि तीन रकान्यांवर मथळे लिहिले: अत्यावश्यक, आवश्यक, चैन. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेल्यामुळे कुठलीही गोष्ट रकान्यात पडल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नाही. लग्नाच्या वेळी मलाही त्यांनी कुठल्यातरी रकान्यात घातलं असणार. कुठल्या, ते मी आजवर विचारलेलं नाही. उगाच कशाला.

सभा बसली. अध्यक्षस्थानी सासूबाई. मुलगा एका कानात इअरफोन घालून उपस्थित. मुलगी पुण्याला नोकरी करते. ती त्या दिवशी कुठल्याशा किल्ल्यावर होती आणि किल्ल्यावर रेंज नव्हती, म्हणून तिची गैरहजेरी नोंदवण्यात आली. ही नोंद पुढे महागात पडणार होती, पण त्या वेळी ती नुसती नोंद होती.

पहिला विषय दूध. दूध अत्यावश्यक, यावर एकमत व्हायला अर्धं मिनिट लागलं. किती दूध, यावर अर्धा तास गेला. अहो म्हणाले, चहा दोनदाच करावा. सासूबाई म्हणाल्या, “तू ऑफिसात होतास तेव्हा घरात दोनदाच होत होता. चार वेळा तू घरी बसल्यापासून होतोय.” हे वाक्य इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

मग वर्तमानपत्र. मुलगा म्हणाला, सगळं मोबाइलवर येतं, पेपर कशाला? त्यावर सासूबाईंनी मुद्दा काढला की पेपर हा घरातला एकच खर्च असा आहे, ज्यातले थोडे पैसे रद्दीवाला परत देतो. शिवाय त्यावर भाजी निवडता येते, कपाटात अंथरता येतो, पापड वाळवता येतात. “तुमच्या त्या डेटाची रद्दी घेतो का कोणी?” पेपर अत्यावश्यक ठरला.

पेचप्रसंग आला तो भडंगावर. अहोंचं पेन चैनीच्या रकान्याकडे जाताना दिसलं आणि टेबलाभोवती सगळे एकदम गप्प झाले. सांगलीत राहून भडंग चैनीत? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “ठीक आहे. पाहुणा आला की त्याच्यापुढे हा कागद ठेव.” मी तेवढ्यात आकडेवारी काढली. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि त्या खाण्यातही सगळ्यांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. तो आहे पेयं, फराळ आणि तयार पदार्थांचा. म्हणजे भारतवर्षात भडंगच जिंकलंय, त्याला ठिकठिकाणी नावं वेगळी एवढंच. अहो आकड्यांपुढे नमतात. भडंग ‘आवश्यक’मध्ये गेलं, आणि पहिल्या तासाभराच्या कामकाजानंतर कागदावरचा चैनीचा रकाना पांढरा स्वच्छ राहिला.

तेव्हा अहोंनी कायदा आणला. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आपल्याकडे १९५५ पासून आहे. त्याच्या यादीत अन्नधान्य, खाद्यतेल, औषधं, खतं, बियाणं, पेट्रोलियम हे सगळं आहेच. शिवाय कच्चा ताग आणि सुताच्या लडीही आहेत. म्हणजे आम्ही गोणपाटावर बसून, सूत विणत, डाळ शिजवत राहिलो तर कायद्याच्या दृष्टीनं आमचं अख्खं जगणं अत्यावश्यक. २०२० च्या मार्चमध्ये मास्क आणि सॅनिटायझर त्या यादीत दाखल झाले आणि जूनअखेर बाहेरही पडले. आमचं कैरीचं लोणचं त्याहून जास्त टिकतं. गंमत म्हणजे त्याच मार्चमध्ये टाळेबंदीतही काय चालू ठेवायचं याची जी सरकारी यादी निघाली, तिच्यात दूरसंचार, इंटरनेट आणि केबल होतं. अहोंनी एक यादी वाचून दाखवली, मुलानं दुसरी. सरकार दोन्ही बाजूंनी साक्षीला आलं.

मग जीएसटी निघाला. अहोंचं म्हणणं, सरकार ज्यावर कर लावत नाही ते गरजेचं. दुधावर कर नाही, ताज्या भाजीवर नाही, पेपरवर नाही. कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्या यांवरही नाही. सॅनिटरी पॅडवर मात्र २०१७ मध्ये १२ टक्के लागले होते आणि ते निघायला २०१८ चा जुलै उजाडला. टिकली जन्मजात गरजेची. पॅडला वर्षभर अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. यादी करायला कोण बसलं होतं, हे यादीवरूनच कळतं, असं मी म्हटलं. अहोंनी घाईनं पुढची ओळ वाचली: “मोबाइल रिचार्ज, ब्रॉडबँड, १८ टक्के.” आणि विजयी मुद्रेनं चैनीच्या रकान्यात दिवसातला पहिला शब्द लिहिला: इंटरनेट.

इथून सभेचं स्वरूप पालटलं.

आमच्या घरात माणसं चार आणि सिमकार्डं सहा. अहोंची दोन: एक नातेवाइकांना दिलेलं, एक बँकेला दिलेलं, दोघांपैकी कोणाशीच त्यांना फार बोलायचं नसतं. माझी दोन, कारण एक नंबर शाळेच्या ग्रुपांनी व्यापला आहे. आमच्या शाळेत मुलांना शिकवणं हे दुय्यम काम असून ‘लिंक भरणे’ हे मुख्य काम आहे. सूचना रात्री साडेदहाला येते, ‘तात्काळ’ असते, आणि माझ्याच मोबाइलवर, माझ्याच डेटावर भरायची असते. मुलाचं एक, सासूबाईंचं एक. वर वायफाय. या सगळ्याची बेरीज अहोंनी मोठ्यानं वाचली आणि त्यांचा आवाज शेवटी जरा चिरकला.

त्यातही त्यांचा खरा राग त्या अठ्ठावीस दिवसांवर आहे. ज्यानं पहिल्यांदा महिना अठ्ठावीस दिवसांचा केला, त्याच्या बुद्धीला माझा नमस्कार. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे तीनशे चौसष्ट. म्हणजे पगार वर्षातून बारा वेळा आणि रिचार्ज तेरा वेळा. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि त्यात जावयाला वाण तरी देतात. कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि आपणच देतो. लोकांनी तक्रारी केल्यावर २०२२ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं हुकूम काढला की प्रत्येक कंपनीनं निदान एक तरी पॅक पुऱ्या तीस दिवसांचा ठेवलाच पाहिजे. तसा तो ठेवलेला आहे. शोधायला मात्र तीस दिवस लागतात.

सासऱ्यांनी एकदा ‘लाइफटाइम’ घेतलं होतं. एकदाच पैसे भरा, जन्मभर इनकमिंग चालू. त्यांनी ते कार्ड विम्याच्या पॉलिसीशेजारी जपून ठेवलं होतं. २०१८ च्या सुमारास कंपन्यांचं मन बदललं. ठरावीक मुदतीत रिचार्ज केला नाही तर येणारे फोनही बंद. सासरे तेव्हा अगदी ठणठणीत होते. लाइफटाइम मात्र आधी गेलं.

“आमच्या लहानपणी अख्ख्या गल्लीत एक फोन होता आणि कोणाचं काही अडलं नव्हतं,” हे वाक्य अपेक्षेप्रमाणे अहोंनी उच्चारलंच. हो, होता. तो शेजारच्या वकिलांकडे होता. अहोंच्या घरच्या लग्नपत्रिकांवर नंबरापुढे ‘पी. पी.’ छापलेलं असायचं, आणि निरोप आला की वकिलांच्या वहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून गॅलरीतून हाक मारायच्या. तिकडे माणूस ट्रंक कॉलवर ताटकळायचा, इकडे सासूबाई पदर सावरत जिना उतरायच्या. अडत नव्हतं, कारण अडणारा सगळा भाग वकिलीणबाई सोसत होत्या. घरचा खर्च शून्य होता, एवढं खरं.

सासूबाईंचा फोन हा सभेपुढचा सगळ्यांत नाजूक विषय होता. २०२४ च्या अखेरीस ट्रायनं असाही नियम केला की ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसेमेसचा पॅक कंपन्यांनी द्यावा. अहोंनी तो आईसाठी सुचवला.

“मग इंदूरची आक्का मला दिसणार कशी?”

“आता तरी कुठे दिसते? पंखा दिसतो तिच्या घरचा.”

हे खरं होतं. रोज दुपारी सव्वाचारला दोघी बहिणी व्हिडिओ कॉल करतात. फोन मांडीवर आडवा ठेवलेला असतो, त्यामुळे इकडून तिकडचं छत दिसतं आणि तिकडून इकडची हनुवटी. पण सासूबाईंनी जे उत्तर दिलं त्यावर कोणाला बोलता येईना. म्हणाल्या, “पंखा फिरत असला की मला कळतं, आक्का घरी आहे.” अहोंनी सासूबाईंचं सिमकार्ड मुकाट्यानं अत्यावश्यकमध्ये लिहिलं.

मुलानं मग हुकमाचं पान काढलं. “बाबा, हे सगळं एकदा ठरून झालंय. २०१९ ला.”

आम्ही तेव्हा गावभागात राहत होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आदल्या रात्री आम्ही सामान माळ्यावर चढवत होतो, सकाळी माळाही पुरेल असं वाटेना. बोट दाराशी आली आणि बोटीतला जवान म्हणाला, माणशी एक पिशवी, चटकन. अत्यावश्यक काय, हे ठरवायला पट्टी आणि फुलस्केप नव्हता. सासूबाईंनी देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा उचलली आणि तिच्यासोबत मेतकुटाची बरणी. देवी रिकाम्या पोटी बसू नये हा विचार. सासऱ्यांनी ट्रान्झिस्टर घेतला, जो मी त्याच दिवाळीला भंगारात घालणार होते. मी औषधं आणि सगळे चार्जर. अहोंनी कागदपत्रांची फाइल घेतली. तिच्यात घराचं खरेदीखत होतं, ते ठीक, पण दहा वर्षांची लाइटबिलंही होती. ज्या मीटरची ती बिलं, तो मीटर त्या वेळी पाण्याखाली होता. आणि आठवीतल्या आमच्या चिरंजीवांनी राउटर आणला.

“राउटर कशाला रे?” मी बोटीतच विचारलं.

“पासवर्ड त्याच्या मागे लिहिलाय.”

विश्रामबागेत नणंदेकडे पोचलो. तिचं घर म्हणजे तोवर निम्म्या गावभागाचं आजोळ झालं होतं. दारातून जो आत येई, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, तो आधी पाणी मागत नव्हता, टॉवेल मागत नव्हता. विचारत होता, “बारीक पिनचा चार्जर आहे का?” हसण्यासारखं वाटतं, पण तेव्हा कोणी हसलं नाही. पुण्याला कॉलेजात असलेली आमची मुलगी टीव्हीवर सांगलीचं पाणी बघत होती आणि आमचे सगळे फोन मेलेले. माझ्या फोनमध्ये जीव आल्यावर पहिली पंधरा मिनिटं नणंदेच्या स्वयंपाकघरात पाच बायका भिंतीकडे तोंड करून एकच वाक्य बोलत होत्या: “आम्ही बरे आहोत.” भाताचा कुकर त्यानंतर लागला. बाहेर ओसरीवर सासरे ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते आणि सगळी कॉलनी त्यांच्याभोवती बातम्या ऐकत होती. त्यांच्या चेहऱ्यावर लाइफटाइमचा सूड उगवल्याचं समाधान होतं.

सगळं ऐकून अहो म्हणाले, “बरोबर. पण पूर रोज येत नाही.” हेही बरोबरच होतं. सभेनं प्रयोग मंजूर केला: एक महिना वायफाय बंद. शिवाय नेत्यानं त्याग दाखवावा म्हणून अहो आपलं एक सिमकार्ड रिचार्ज न करता सोडून देणार होते.

महिन्याभरात घरात बचतीचं वातावरण पसरलं. मुलगा रोज संध्याकाळी ‘अभ्यासाला’ मित्राकडे जाऊ लागला आणि येताना पेट्रोल भरून येऊ लागला. मी शाळेच्या लिंकांसाठी जादा डेटाचा छोटा पॅक मारला. छोटा म्हणून कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंचा दिवसाचा डेटा कीर्तनात सकाळीच संपायचा आणि सव्वाचारला आक्काचा पंखा फिरायचा थांबायचा, म्हणून त्यांनी नातवाला गुपचूप पैसे देऊन एक पॅक घेतला. नातवानं त्यातलं कमिशन म्हणून स्वतःलाही एक घेतला. वायफायचं बिल वाचलं, हे मात्र निर्विवाद.

मग एका सकाळी गॅस आला. डिलिव्हरीवाला सिलिंडर खांद्यावरून उतरवून दारात उभा राहिला. गॅसचा कोड ज्या नंबरवर येतो, तो अहोंनी त्यागलेला नंबर.

“काका, चार आकडी कोड सांगा.”

“तो नंबर बंद आहे.”

“मग चालू करा.”

“कसा?”

“रिचार्ज मारा की.”

अहोंनी स्मार्टफोन काढला. पैसे पाठवायचं अ‍ॅप ज्या बँकेचं, त्या बँकेला दिलेला नंबरही तोच. अ‍ॅपला नंबर चालू हवा, नंबर चालू व्हायला अ‍ॅप हवं. मी शाळेत, मुलगा झोपलेला. त्याला उठवण्यापेक्षा गॅसशिवाय राहणं सोपं. सासूबाई गॅसच्या शेगडीपाशी उभ्या राहून ही प्रगती पाहत होत्या. तेव्हा भांडी घासत असलेल्या मावशींनी पदराला हात पुसले, ब्लाउजमधून फोन काढला आणि म्हणाल्या, “साहेब, नंबर सांगा. मी मारते.” मारला. कोड आला. सिलिंडर आत आलं. अहोंनी त्यांच्या हातावर नोटा ठेवल्या तेव्हा त्यांनी सुटे परत दिले, आणि हे सगळं सासूबाईंनी मला संध्याकाळी साभिनय सांगितलं.

मावशी पाच घरी काम करतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सहज विचारलं की तुमच्या घरी पैसे कमी पडले तर आधी काय थांबतं? त्यांना विचार करावा लागला नाही. “भाडं थांबत न्हाई. रिचार्ज थांबत न्हाई. मग गॅस. मग पोरीची फी. मग खाणं.” मी म्हटलं, खाण्याच्या आधी रिचार्ज? “बाई, सकाळची भाकरी रात्री खाता येती. रिचार्ज संपला तर कुठल्या घरी पाव्हणं आल्यात, कोण लवकर बोलवतंय, कोण गावाला गेलंय, मला कसं कळनार? एक खाडा झाला की पाच जणी तयारच असत्यात.” म्हणजे आमच्या कागदावर जो चैनीत लिहिला होता, तो त्यांच्या घरी भाड्याच्या खालोखाल होता, आणि त्यांनी तो रकाने न आखता ठरवला होता.

मावशींच्या सासूचं पिवळं रेशनकार्ड आहे. महाराष्ट्रात १९९९ मध्ये तीन रंगांची कार्डं आली तेव्हा पिवळ्यासाठी ज्या अटी होत्या, त्यांतली एक अशी की घरात टेलिफोन नसावा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेतही ग्रामीण भागात घरी लँडलाइन किंवा फ्रिज असलं की ते कुटुंब वंचितांच्या यादीतून आपोआप वजा व्हायचं. फोन आहे म्हणजे तुमचं बरं चाललंय, असा साधा हिशेब. आता मावशींच्या ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पैशांची ई-केवायसी करायची तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. तेव्हा फोन असला तर तुम्ही गरीब नव्हता. आज फोन नसला तर तुम्ही गरीब आहात हे सिद्ध करता येत नाही. अठरा टक्के कर भरून आधी फोन चालू ठेवायचा आणि मग त्याच फोनवर आपण हलाखीत आहोत हे सरकारला कळवायचं.

मी हे अहोंना सांगितलं. ते बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याला काय गरजेचं आहे हे आपण ठरवतच नाही.” बँक ठरवते, गॅसवाला ठरवतो, शाळा ठरवते, इंदूरची आक्का ठरवते. आपल्या वाट्याला फक्त पैसे भरणं उरतं, आणि त्याच्या पावतीलाही एसेमेस लागतो. हे ज्ञान झाल्यावर त्यांनी इंटरनेट हा शब्द चैनीतून खोडून अत्यावश्यकमध्ये लिहिला, तेही खाडाखोड नको म्हणून शेजारी आद्याक्षरांची सही करून. त्याच संध्याकाळी वायफाय सुरू झालं. मुलगा मित्राकडचा अभ्यास संपवून घरी आला.

पण कागदाचा तिसरा रकाना पुन्हा रिकामा झाला, आणि रिकामा रकाना अहोंना सोसत नाही. काहीतरी चैनीचं असलंच पाहिजे. नाहीतर सभा कशासाठी घेतली? आम्ही चौघांनी घरभर नजर फिरवली. हजर असलेल्या प्रत्येकाचा प्रत्येक खर्च तोवर बचावला होता. मग मुलाला आठवलं की टीव्हीवरचं ते सिनेमे-मालिकांचं वार्षिक सबस्क्रिप्शन ताईच्या नावावर आहे. ताई सभेला नव्हती. ठराव एकमतानं मंजूर झाला. अहोंनी बँकेत सांगून आपल्या कार्डावरून जाणारे ते पैसे बंद करायचं ठरवलं.

कार्डावरून काही जातच नव्हतं. अहोंच्या जुन्या कार्डाची मुदत संपल्यापासून मुलगी ते पैसे स्वतःच्या पगारातून भरत होती, आणि ‘बाबांना वाईट वाटेल’ म्हणून बोलली नव्हती. तिला ठराव कळला. कोणी कळवला, हे सासूबाईंना माहीत असावं. त्या रात्री साडेआठला सासूबाईंची मालिका लागेना, अहोंची मॅच लागेना, आणि पडद्यावर एकच विनंती झळकत राहिली की पासवर्ड टाका. पासवर्ड बदलला होता. मुलीला फोन लावला तर ती अतिशय गोड आवाजात म्हणाली, “चैनच होती ना बाबा? बरं झालं, सुटलो.”

सासूबाईंनी अध्यक्ष या नात्यानं रूलिंग दिलं: ज्याचा खर्च कापायचा, तो माणूस सभेला हजर पाहिजे. तेव्हापासून आमच्याकडे काटकसरीच्या प्रत्येक सभेला पुणं व्हिडिओ कॉलवर असतं, आणि पुणं आहे म्हटल्यावर इंदूरलाही जोडून घ्यावं लागतं. सभा लांबतात. गेल्या रविवारी हारफुलांच्या पुडीवर चर्चा रंगलेली असताना नेमकं वायफाय गेलं, ती मोबाइलवर पुढे चालली, माझा दिवसाचा डेटा संपला, मग अहोंचा, आणि ऐन मतदानाच्या वेळी मुलानं घाईघाईनं जादा पॅक मारला. पुडी वाचली. पॅकचे पैसे कुठल्या रकान्यात घालायचे यावर एकमत झालं नाही, म्हणून त्यासाठी येत्या रविवारी पुन्हा सभा बोलावली आहे.